सावित्री: या नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आजीचं नाव सावित्री. घरात तिला सगळे साऊ म्हणायचे. पण कुणी कागदावर लिहिण्यासाठी नाव विचारलं, की ती जरा सावरून बसायची आणि अक्षरं सुटी करून सांगायची: सा, वि, त्री. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नावातलं जोडाक्षर कुणी गाळलेलं तिला चालत नसे. तिच्यामुळे या नावाचा माग काढायची मला सवय लागली. बारशाआधी फोन करणारी मंडळी, शाळेतल्या भाषणासाठी माहिती मागणारी मुलं आणि स्वतः सावित्री नाव असलेल्या बायका मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

'सावित्री' या नावाचा अर्थ काय?

'सवितृ' ही ऋग्वेदातली देवता. तिच्या नावाच्या मुळाशी 'सू' हा धातू आहे. चालना देणं, प्रेरणा देणं, कामाला लावणं हा त्याचा अर्थ. सवितृ म्हणजे झोपलेल्या जगाला उठवून ज्याच्या त्याच्या कामाला लावणारा. त्यावरून 'सावित्र' म्हणजे सवितृचं, सवितृसंबंधी, आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप सावित्री. सवितृची ऋचा ती सावित्री आणि सवितृची कन्या तीही सावित्रीच.

संस्कृतात 'सू' असा आणखी एक धातू आहे, जन्म देणं या अर्थाचा. प्रसव, प्रसूती हे शब्द त्यावरून आले. हे दोन्ही अर्थ या नावात एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. नावांच्या याद्यांमध्ये 'सूर्यकिरण' एवढाच अर्थ दिलेला असतो. तो वाईट नाही, पण अपुरा आहे. मला कुणी एका शब्दात अर्थ विचारला तर मी 'चेतवणारी' असं सांगते.

सवितृ म्हणजे सूर्यच ना? मग सविता आणि सावित्री ही एकच नावं झाली का?

जवळची आहेत, पण एक नाहीत. सायणाचार्यांनी चौदाव्या शतकातल्या आपल्या वेदभाष्यात एक सुंदर भेद सांगितला आहे: उगवण्यापूर्वी तो सवितृ आणि उगवल्यापासून मावळेपर्यंत सूर्य. म्हणजे तांबडं फुटायच्या आधीची, अजून न दिसलेली पण जाणवू लागलेली जी शक्ती, ती सवितृ. ऋग्वेदात त्याला सोन्याच्या हातांचा म्हटलं आहे. तो हात उंचावतो आणि जग हलू लागतं.

'सविता' या नावाची गंमत व्याकरणातली आहे. पितृचं पिता, दातृचं दाता, तसं सवितृचं सविता. म्हणजे संस्कृतात हा शब्द चक्क पुल्लिंगी आहे. मराठी कानाला मात्र कविता, सरिता यांच्या रांगेतला वाटतो, म्हणून तो मुलींचं नाव झाला. सावित्री हे नाव मुळापासून स्त्रीलिंगीच आहे.

हे नाव सर्वांत आधी कोणाचं होतं? राजकन्येचं की देवीचं?

राजकन्या बरीच नंतरची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ८५वं सूक्त सूर्येच्या लग्नाचं आहे. ही सूर्या सवितृची मुलगी. परंपरेनं त्या सूक्ताची ऋषिकाही तीच मानली आहे आणि तिचं पूर्ण नाव 'सूर्या सावित्री' असं दिलं आहे. म्हणजे वडिलांचं नाव पुढे लावलेली मुलगी! लग्नात वधूचा हात धरताना म्हटला जाणारा 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' हा मंत्र याच सूक्तातला. लग्नसूक्त एका सावित्रीच्या नावावर आहे, हे लग्नाला जमलेल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्याच काळातली दुसरी सावित्री म्हणजे एक ऋचा. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

गायत्री मंत्राला सावित्री का म्हणतात?

'तत्सवितुर्वरेण्यम्' ही ऋचा ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली, ६२व्या सूक्तातली दहावी. ऋषी विश्वामित्र. 'गायत्री' हे तिच्या छंदाचं नाव: आठ-आठ अक्षरांचे तीन चरण, एकूण २४ अक्षरं. देवता सवितृ, म्हणून ऋचेचं नाव सावित्री. जुन्या ग्रंथांत उपनयनाच्या संदर्भात बहुतेक ठिकाणी 'सावित्री' हाच शब्द येतो. छंदाचं नाव पुढे लोकांच्या तोंडी बसलं आणि मूळ नाव मागे पडलं.

या नावाच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. मुंजीत गुरू बटूला पहिल्यांदा शिकवतो ती हीच ऋचा: आधी एकेक चरण, मग अर्धी, मग पूर्ण. तिथून त्याचं शिक्षण सुरू होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की या दुसऱ्या जन्मात सावित्री ही त्याची आई आणि आचार्य हा बाप. ठरलेल्या वयात ज्याला ती मिळाली नाही, त्याला 'सावित्रीपतित' म्हणत. म्हणजे सावित्री हे शिक्षणाच्या उंबरठ्याचं नाव होतं. विद्येच्या जन्माची आई, असा तिचा मान होता.

आणि त्याच अध्यायात, स्त्रियांसाठी विवाह हाच वैदिक संस्कार, असंही सांगितलं आहे. मुलीला सावित्री हे नाव मिळू शकत होतं, पण सावित्री ही ऋचा मिळत नव्हती. हा विरोध लक्षात ठेवा, पुढे तो कामी येणार आहे.

महाभारतातल्या सावित्रीला हे नाव कसं मिळालं?

मद्र देशाचा राजा अश्वपती निपुत्रिक होता. त्यानं अठरा वर्षं व्रतस्थ राहून सावित्रीच्या ऋचेनं होम केला. अखेर सावित्री देवी अग्निहोत्रातून प्रकट झाली आणि तिनं राजाला मुलगी होईल असं सांगितलं. सावित्रीला आहुती दिल्या आणि सावित्रीनं ही मुलगी दिली, म्हणून वडिलांनी आणि ब्राह्मणांनी तिचं नाव सावित्रीच ठेवलं. देवी, ऋचा आणि मुलगी, तिघींचं नाव एकच.

ही कथा वनपर्वात आहे. पांडव वनवासात असताना युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, द्रौपदीसारखी दुसरी कुणी स्त्री तुम्ही पाहिली किंवा ऐकली आहे का? त्यावर ऋषी सावित्रीची गोष्ट सांगतात.

यमानं सत्यवानाला परत का दिलं? सावित्रीनं नेमकं काय केलं?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण बहुतेकांनी कथा ऐकलेली असते ती फार आखडून.

पहिली गोष्ट, नवरा तिनं स्वतः शोधला. तिचं तेज पाहून कुणी मागणी घालायला धजेना, तेव्हा वडिलांनीच तिला सांगितलं, तूच जाऊन वर शोध. ती रथात बसून तपोवनं हिंडली आणि शाल्व देशाच्या द्युमत्सेन राजाच्या मुलाची निवड करून परतली. द्युमत्सेन आंधळा झालेला, राज्य गेलेलं, रानात राहणारा. त्याचा मुलगा सत्यवान. याला लहानपणी घोड्यांचं फार वेड. मातीचे घोडे करायचा, घोड्यांची चित्रं काढायचा, म्हणून त्याला चित्राश्वही म्हणत. नारदांनी सांगितलं, मुलगा सर्वगुणी आहे, पण आजपासून एका वर्षानं मरणार. वडील म्हणाले, दुसरा पाहा. सावित्री म्हणाली, वाटणीचा हिस्सा एकदाच पडतो, कन्या एकदाच दिली जाते आणि 'देतो' हा शब्दही एकदाच उच्चारला जातो. मी एकदा निवड केली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे यमाशी झालेलं बोलणं. वर्ष भरत आलं तेव्हा तिनं तीन रात्रींचं व्रत केलं, चौथ्या दिवशी नवऱ्याबरोबर रानात गेली. लाकडं फोडताना त्याचं डोकं दुखू लागलं, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजला, आणि यम आला. त्यानं अंगठ्याएवढा प्राण पाशात बांधला आणि दक्षिणेकडे निघाला. ती मागोमाग चालू लागली. यम म्हणाला, परत फिर. ती म्हणाली, सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात. त्या मैत्रीच्या नात्यानं थोडं बोलते, ऐका. मग ती धर्माबद्दल बोलली, सज्जनांच्या संगतीबद्दल बोलली. ती रडली नाही, तिनं शाप दिला नाही, पायही धरले नाहीत.

यम तिला काय म्हणतो ते मुळातून वाचावं असं आहे. स्वर, अक्षरं, व्यंजनं आणि युक्तिवाद यांनी संपन्न अशा तुझ्या वाणीनं मी संतुष्ट झालो, असं तो म्हणतो. मृत्यूचा देव तिच्या उच्चारांना आणि तर्काला दाद देतो आहे! एकेक वर मिळत गेला: सासऱ्याची दृष्टी, सासऱ्याचं राज्य, वडिलांना शंभर मुलगे, स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे. आधीचे वर देताना यम 'याच्या जिवाखेरीज' अशी अट घालत होता. पाचव्या वेळी ती अट राहून गेली. तिनं ते अचूक हेरलं आणि म्हणाली, या वेळी तुम्ही काही वगळलेलं नाही. शिवाय शंभर मुलगे दिलेत आणि नवराच नेताहात, तर तुमचा शब्द खरा कसा व्हायचा? यमानं पाश सोडला आणि सत्यवानाला चारशे वर्षांचं आयुष्य दिलं.

एवढ्यावर कथा थांबत नाही. रात्र झालेली, तो अशक्त. तिनं फळांची टोपली झाडाच्या फांदीला अडकवली, कुऱ्हाड स्वतः घेतली, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला, उजव्या हातानं त्याला सावरलं आणि त्या अंधारातून घरी घेऊन आली. वटपौर्णिमेच्या चित्रांत हे दृश्य मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या मते सगळ्या कथेत त्याच्याइतकं हृद्य दुसरं काही नाही.

त्यात वडाचं झाड कुठे आलं?

महाभारतातल्या कथेत वड नाही. तो नंतरच्या व्रतकथांमधून आला. दीर्घायुष्याचं आणि पारंब्यांनी पुन्हा पुन्हा रुजण्याचं प्रतीक म्हणून तो तिथे इतका चपखल बसला, की आता त्याच्याशिवाय सावित्री डोळ्यांपुढे येत नाही. महाराष्ट्रात, गुजरातेत हे व्रत ज्येष्ठ पौर्णिमेला करतात. उत्तर भारतात आणि ओडिशात ते ज्येष्ठ अमावास्येला असतं. आपल्या पंचांगाप्रमाणे ती वैशाख अमावास्या. शास्त्राप्रमाणे व्रत त्रयोदशीपासून तीन दिवसांचं, मूळ कथेतल्या तीन रात्रींची आठवण म्हणून.

'सती सावित्री' म्हणतात, पण ती सती गेली नव्हती ना?

नाही गेली. 'सती' म्हणजे सत्शील स्त्री, एवढाच मूळ अर्थ. चितेवर जाण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. सावित्री तर नवऱ्यामागे मरायला गेली नाही, त्याला जगात परत आणायला गेली.

बोलताना 'मोठी सती सावित्री लागून गेलीस' असा टोमणा आपण सर्रास ऐकतो. या नावाच्या बायकांना तो शाळेपासून ऐकावा लागतो, आणि तो लागतो. ज्यांच्या घरात सावित्री आहे त्यांनी तरी हा शब्दप्रयोग सोडून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

पंचकन्यांमध्ये सावित्री आहे का?

नाही. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा आणि मंदोदरी अशी ती प्रचलित यादी. काही पाठांत सीतेऐवजी कुंती.

हे नाव पतिव्रतेच्या आदर्शाशी जोडलेलं आहे. आजच्या मुलीवर त्याचं ओझं होणार नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो आजचा नाही. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापला. सुरतेच्या एका विधवेला झालेली शिक्षा आणि त्यानिमित्तानं वर्तमानपत्रांतून स्त्रियांवर चाललेला दोषारोप, हे त्याचं निमित्त. त्यात त्या सावित्रीचा दाखला देऊन थेट विचारतात: सावित्री नवऱ्याचा प्राण आणायला यमाच्या दारापर्यंत गेली, तुमच्यापैकी कुणी बायकोचा जीव वाचवायला यमाचं घर राहू दे, त्या वाटेला एक पाऊल तरी टाकलं का?

या प्रश्नाला १४० वर्षं होऊन गेली, पण त्याची धार कमी झालेली नाही. मात्र ताराबाई सावित्रीला नाकारत नाहीत, तिच्या धैर्याची जबाबदारी पुरुषांवरही टाकतात. मला हे वाचन पटतं. उपास करणारी एवढीच सावित्री मुलीला सांगितली तर नावाचं ओझं होईल. यमाला बोलण्यात जिंकणारी सांगितली तर होणार नाही.

ब्रह्मदेवाची पत्नी सावित्री वेगळी का?

पुराणांमध्ये सावित्री ही ब्रह्मदेवाची पत्नी. ब्रह्मदेवानं यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला शेजारी बसवलं, आणि सावित्री आली ती संतापलेली. राजस्थानात पुष्करला ब्रह्मदेवाचं मंदिर खाली आणि सावित्रीचं डोंगरमाथ्यावर आहे. रुसून ती वर जाऊन बसली, असं तिथे सांगतात. मंत्राच्या दोन नावांच्या पुढे दोन सवती झाल्या, हे पाहून गंमत वाटते आणि थोडं वाईटही.

आपल्याकडच्या सावित्री नदीचा याच्याशी संबंध आहे का?

याच कथेशी आहे. महाबळेश्वरच्या स्थळकथेत तो यज्ञ सह्याद्रीवर होतो. सावित्रीच्या शापानं देव नद्या होतात: विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा आणि ब्रह्मदेव कोयना. सावित्री आणि गायत्री याही नद्या होऊन पश्चिमेकडे उतरल्या. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात या पाचही नद्यांचा उगम मानतात. तिथून सावित्री कोकणात उतरते, पोलादपूर आणि महाडवरून जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि प्रवाशांनी भरलेल्या एसटीच्या गाड्याही गेल्या. त्यानंतर काही वर्षं 'सावित्री' म्हटलं की कोकणातल्या माणसाच्या पोटात गोळा यायचा.

पण महाडची आणखी एक आठवण या नावाशी जोडायला हवी. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं, तेही महाडलाच. ज्या ग्रंथानं सावित्रीला विद्येची आई म्हटलं आणि ती आई बहुसंख्यांना नाकारली, तो सावित्रीकाठच्या गावात जळला. हा योगायोगच, पण नावांचा पाठपुरावा करणाऱ्याला तो सोडवत नाही.

सावित्रीबाई फुले यांच्यामुळे या नावाचा अर्थ बदलला का?

महाराष्ट्रात तरी पुरता बदलला. किंवा मला वाटतं तसं म्हणायचं, तर तो मूळपदावर आला.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झालं. नवऱ्यानं शिकवलं, पुढे अध्यापनाचं शिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर नेत, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह छापून आला, तेव्हा त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या. १८९०च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, त्यांनी स्वतः धरलं. १८९७च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

आता मागचा विरोध आठवा. सावित्री म्हणजे शिक्षणाची पहिली ऋचा, आणि ती मुलींना, शूद्रातिशूद्रांना बंद. त्याच नावाची एक माळी समाजातली बाई पाटी-पेन्सिल घेऊन नेमक्या त्याच मुलींसमोर उभी राहते. अक्षरओळख करून देणारी ती आई ठरते. मनुस्मृतीनं 'आई सावित्री' म्हटलं होतं ते बटूपुरतं; महाराष्ट्रानं 'सावित्रीमाई' म्हटलं ते साऱ्या मुलींच्या वतीनं.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत त्या नवऱ्याला 'सत्यरूप जोतीबा' असं संबोधतात. सत्यवानाची आठवण झाल्याशिवाय मला तो मायना वाचता येत नाही.

'सावित्रीच्या लेकी' हा शब्द कोणासाठी वापरतात?

शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या, कामाला बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी. ३ जानेवारीला शाळाशाळांतून मुली नऊवारी नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून 'मी सावित्री बोलतेय' म्हणून उभ्या राहतात. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. आता पदवीच्या कागदावरच हे नाव छापून येतं. एका अर्थानं हजारो मुलामुलींचं शिक्षण पुन्हा सावित्रीच्या नावानं पुरं होतं.

परमवीरचक्राशी सावित्री नावाचा काय संबंध?

परमवीरचक्राची रचना सावित्री खानोलकर यांची. त्यांचा जन्म १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल इथे झाला. वडील हंगेरियन, आई रशियन, मूळ नाव ईव्ह. भारतीय सैन्यातले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ मध्ये विवाह झाला आणि त्या सावित्रीबाई झाल्या. मराठी-संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र घेतलं, जे दधीची ऋषींनी दिलेल्या अस्थींपासून घडलं होतं. पहिलं परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर होते. १९९० मध्ये सावित्रीबाई निवर्तल्या.

साहित्यात आणि सिनेमात हे नाव कुठे भेटतं?

फार ठिकाणी, म्हणून निवडकच सांगते. दादासाहेब फाळके यांनी अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत, १९१४ साली, 'सत्यवान सावित्री' केला. १९४१च्या तमिळ 'सावित्री'त नायिका आपल्या शांता आपटे होत्या आणि नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी या कथेवर छोटी संगीतिका रचली, तिचा पहिला प्रयोग १९१६चा. श्रीअरविंदांचं 'सावित्री' हे इंग्रजी महाकाव्य सुमारे २४ हजार ओळींचं आहे. मराठीत पु. शि. रेगे यांची पत्ररूप 'सावित्री' १९६२ची. तिच्यातली सावित्री पुराणातली नाही, पण नावातला उजेड तिच्यात आहे.

इतर भाषांत नाव कसं उच्चारतात?

बंगाली, ओडिया आणि नेपाळीत साबित्री. दक्षिणेत सावित्रीच, रोमन लिपीत लिहिताना 'टी'नंतर बरेचदा 'एच' घालतात. इंडोनेशियात, विशेषतः जावा बेटावर, हे नाव आजही ठेवतात. करारावर परदेशी नेलेल्या गिरमिटिया मजुरांबरोबर ते त्रिनिदाद आणि सुरीनामलाही पोचलं.

लाडाची नावं कोणती?

साऊ, सावू, सावी. गावाकडे सावित्रा, सावतरी अशीही रूपं ऐकू येतात. 'साऊ' आता सावित्रीबाई फुल्यांच्या आठवणीशी इतकं जोडलं गेलं आहे की ते हाक मारायचं नाव न राहता मानाचं झालं.

लिहिताना चूक कुठे होते?

'वि' ऱ्हस्व, 'त्री' दीर्घ. 'सावीत्री' आणि 'सावित्रि' दोन्ही चूक. जन्मदाखल्यावर एकदा चुकलं की पुढे प्रत्येक कागदावर निस्तरत बसावं लागतं, म्हणून दाखला हातात आल्याबरोबर तपासा. रोमन लिपीतलं स्पेलिंगही घरात एकच ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

जन्मनक्षत्रानुसार हे नाव कोणाला येतं?

'सा' हे अक्षर शततारका नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं, रास कुंभ. पण नावरस नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. अक्षर जुळत नाही म्हणून आवडलेलं नाव सोडू नका.

नाव फार जुनं वाटत नाही का?

वाटतं. ज्यांनी फोन केला त्यांतल्या निम्म्या जणांची हीच शंका होती, आणि बहुतेकदा ती आईबाबांची नसते, आत्या-मावशीची असते. दोन पिढ्यांपूर्वी घरोघरी सावित्री होती, म्हणून ते आजीचं नाव वाटतं. मला तर तेच त्याचं बळ वाटतं. मुक्ता, रमा, ईरा ही नावं परत आली तेव्हा कुणाला जुनी वाटली नाहीत. एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. 'सा'वर आवाज उघडतो, 'वि'वर क्षणभर थांबतो आणि 'त्री'वर ठाम होतो. हाक मारायला हे फार चांगलं नाव आहे.

नाव ठेवलं. आता मुलीला कोणती गोष्ट आधी सांगू?

यमाची नको, ती पुढे येईलच. घोड्यांची सांगा. एक मुलगा होता, त्याला घोडे फार आवडायचे, पण राज्य गेलेलं आणि घर रानात, मग घोडा कुठला? तो मातीचे घोडे करायचा. आणि एक मुलगी होती, ती रथात बसून लांबलांब फिरत होती, आणि तिनं त्याला निवडलं. माझ्या नातीला मी इथवर सांगितलं, तर ती उठून गेली आणि कुंडीतली माती घेऊन आली.